मोठ्या चंद्रासाठी मागे सरका: खान्देशात चंद्राचे कलात्मक फोटो कसे काढावेत

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असतं, चंद्र वर येत असतो, सगळे मोबाइल वर धरून उभे असतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या फोटोत काळ्या आकाशात एक पांढरा ठिपका येतो. यात दोष मोबाइलचा कमी आणि जागा-वेळेचा जास्त असतो.

चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद आहे. हात लांब करून करंगळी समोर धरा, तिच्या निम्म्या रुंदीत तो झाकला जातो. क्षितिजावर तो मोठा वाटतो तो मेंदूचा खेळ असतो, कॅमेऱ्याला तो कायम तेवढाच दिसतो. मग देवळाच्या कळसामागे ताटाएवढा चंद्र येतो कसा? फोटो काढणारा देवळापासून एक-दीड किलोमीटर मागे गेलेला असतो. त्यामुळे देऊळ लहान होतं आणि चंद्र आहे तेवढाच राहतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

इथली आकडेमोड जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यासाठी, म्हणजे साधारण २१ अंश अक्षांशासाठी केलेली आहे.

जवळ काय हवं

- मॅन्युअल मोड असलेला कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, आणि ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी झूम लेन्स. ६०० मिमीची लेन्स भाड्याने मिळाली तर उत्तम, पण तिच्यासाठी अडून राहू नका.
- ट्रायपॉड. हलका असेल तर मधल्या दांड्याला बॅग अडकवा, पण ती जमिनीला टेकू द्या. लोंबकळती बॅग वाऱ्यात हलते आणि ट्रायपॉडही हलवते.
- रिमोट, नाहीतर कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा टायमर.
- फोनवर स्टेलेरियम किंवा फोटोपिल्स (चंद्राची वेळ आणि दिशा दाखवणारी अ‍ॅप), शिवाय अंतर मोजायला गूगल मॅप्स.
- लाल उजेडाची बॅटरी, जादा बॅटऱ्या, लेन्स पुसायचं कापड, घोट्यापर्यंतचे बूट.
- ओळखपत्र, आणि जागा वनखात्याची किंवा पुरातत्त्व खात्याची असेल तर परवानगीचा कागद. याबद्दल पाचव्या पायरीत.

१. कोणता चंद्र हवा ते आधी ठरवा

नवा माणूस थेट पौर्णिमा गाठतो. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या नसतात, त्यामुळे चंद्र सपाट थाळीसारखा येतो. डोंगर, देऊळ किंवा माणूस यांच्यामागे वर्तुळ हवं असेल तर तोच चंद्र योग्य. खड्डे आणि उंचवटे दाखवायचे असतील तर शुक्ल अष्टमीच्या आसपास जा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात.

शुक्ल द्वितीया-तृतीयेची कोर हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. खान्देशात तर त्या तिथीला सणच आहे. आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. त्या संध्याकाळी सूर्य मावळला की पश्चिमेला बारीक कोर दिसते, आणि या दिवसांत ती उभी नसून आडवी, दोन्ही टोकं वर करून लोळलेली असते. गावाबाहेरच्या निंबाला माहेरवाशिणींनी झोके बांधलेले असतात. झोक्याची काळी आकृती, वर कोर, मध्ये नारिंगीतून निळ्याकडे जाणारं आकाश: एवढं मिळालं तर आणखी काही लागत नाही. मात्र मुलींचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नका, आकृती काळी असली तरी.

या कोरीत चंद्राचा उरलेला भागही अंधुक राखाडी दिसतो. पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश तिथे पोचतो म्हणून. तो पकडायला २०० मिमी लेन्सवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ आणि शटर १ ते २ सेकंद ठेवा. उजळ कोर जळेल, ती जळू द्या. खग्रास ग्रहणातल्या लालसर चंद्रालाही सुरुवात याच सेटिंगने करता येते. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री असं ग्रहण भारतातून दिसणार आहे.

२. संध्याकाळ निवडा, कॅलेंडरवर डोळे मिटून जाऊ नका

सर्वांत जास्त लोक इथे फसतात. कॅलेंडरवर ज्या चौकोनात पौर्णिमा छापलेली असते, ती त्या दिवशीच्या सूर्योदयाची तिथी असते. समजा पौर्णिमा त्या दिवशी सकाळी ९ वाजताच संपली. मग त्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्तानंतर उगवेल, तोवर शिवार काळोखात गेलेलं असेल, आणि फोटोत एक तर पांढरा गोळा येईल किंवा नुसता अंधार.

म्हणून तिथी संपण्याची वेळ बघा. पौर्णिमा समाप्तीच्या ६ ते २४ तास आधी जी संध्याकाळ येते, ती तुमची. तेव्हा चंद्र सूर्यास्ताच्या साधारण १० ते ५० मिनिटं आधी उगवतो, आणि सूर्य मावळताना क्षितिजाच्या थोडा वर असतो. जमिनीवर अजून उजेड असतो, चंद्राचा तपशीलही टिकतो. पुष्कळदा ही संध्याकाळ चतुर्दशीची निघते. कोजागिरी मध्यरात्रीच्या तिथीवर धरतात, त्यामुळे कोजागिरीचा दिवस आणि चौकोनातली अश्विन पौर्णिमा कधी कधी वेगळ्या दिवशी येतात. तिथेही हाच हिशोब लावा.

पहाटे उठणाऱ्यांसाठी उलटं. पौर्णिमा संपल्यानंतर येणाऱ्या पहिल्या पहाटे चंद्र पश्चिमेला मावळत असतो आणि मागून सूर्य उगवत असतो. त्या वेळी धूळ खाली बसलेली असते, रस्ते मोकळे असतात. खान्देशात उन्हाळ्यात संध्याकाळपेक्षा पहाट कधीही चांगली.

वेळेचा आणखी एक बारकावा आहे. तुमच्याकडची चंद्रोदयाची वेळ मुंबईची असेल तर जळगावात चंद्र सुमारे ११ मिनिटं आधी येतो, धुळ्यात ८ आणि नंदुरबारला ५-६ मिनिटं आधी. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, तेव्हा ११ मिनिटं म्हणजे खेळ संपला. अ‍ॅपमध्ये आपलं गाव टाकून वेळ काढलेली बरी.

३. तो उगवेल कुठून

"चंद्र पूर्वेला उगवतो" एवढ्यावर जागा धरू नका. मार्गशीर्ष-पौषातला पूर्ण चंद्र सध्या पूर्वेपासून जवळजवळ ३० अंश उत्तरेला सरकून उगवतो. ज्येष्ठ-आषाढातला तेवढाच दक्षिणेला. अश्विन आणि चैत्रातला पूर्वेच्या आसपास. हा पल्ला २०२४-२५ च्या सुमारास सर्वांत जास्त होता आणि २०३४ पर्यंत आकसत जाईल. त्यामुळे गेल्या वर्षी जमलेली जागा त्याच महिन्यात पुन्हा जमेलच असं नाही, दर वेळी अ‍ॅपवर दिशा तपासा.

याचा खान्देशात थेट उपयोग आहे. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. काठावर उभं राहून प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड केलं की समोर चंद्रोदय, प्रवाहाच्या दिशेला केलं की चंद्रास्त. अश्विन-कार्तिकात प्रकाशा या गावच्या घाटासारख्या ठिकाणाहून पाण्यावर पडलेला उजेडाचा पट्टा सरळ तुमच्याकडे येऊ शकतो. नदीचं तिथलं वळण नकाशावर बघून घ्या. पुलावर मात्र ट्रायपॉड लावू नका. ट्रक गेला की सगळा पूल थरथरतो, फोटो हलतो, आणि अंधारात ते धोक्याचंही आहे.

रावेर, यावल, चोपडा भागात उत्तरेला सातपुडा आहे. हिवाळ्यात ईशान्येकडे उगवणारा चंद्र तिथे डोंगराआडून येतो. अ‍ॅपची वेळ सपाट क्षितिजाची असते. तुमच्यापासून ६ किलोमीटरवर ३०० मीटर उंच रांग असेल तर ती जवळपास ३ अंश आकाश झाकते, आणि चंद्र १२-१३ मिनिटं उशिरा दिसतो. "आज चंद्र आलाच नाही" म्हणून सामान आवरणारे बरेचदा इथेच चुकतात.

दिशा फोनच्या होकायंत्रावर बघताना गाडी आणि लोखंडी कुंपणापासून दहा पावलं दूर जा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात एक अंशाचाही फरक नाही, ती दुरुस्ती करायची गरज नाही.

४. अंतराचं गणित

सूत्र एकच: वस्तू जेवढ्या मीटरची, तिच्या ११० पट अंतरावर गेलात की ती चंद्राएवढी दिसते.

१.७ मीटरचा माणूस १८७ मीटरवरून चंद्राएवढा उंच दिसेल. ४०० मीटरवरून तो चंद्राच्या निम्म्याहून लहान होईल. बैलजोडीसह गाडी ५ मीटर धरली तर ५५० मीटर. वीज केंद्राच्या धुराड्याचं तोंड दहा मीटर रुंद असेल तर १.१ किलोमीटर. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेचीच. स्वारासह घोडा अडीच मीटर धरा, २७५ मीटर मागे जायला हवं. गर्दीत ते शक्य नसतं, म्हणून मैदानाच्या कडेला मोकळ्या बाजूने फिरवायला नेलेले घोडे शोधा.

लेन्स किती हवी तेही यातूनच निघतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चंद्राचा आकार म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेले मिमी) भागिले ११०. २५० मिमीवर २.३ मिलिमीटर, ६०० मिमीवर साडेपाच. साध्या क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) उंची १५-१६ मिलिमीटर असते. म्हणजे २५० मिमीवर चंद्र फ्रेमच्या उंचीचा सातवा भाग व्यापतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तो ५८० पिक्सेलच्या आसपास येतो. कापून वापरायला हे पुरेसं आहे. महागड्या लेन्सआधी हे एकदा करून बघा.

आता उंचीचा हिशोब. समजा टेकडीवरचं देऊळ तुमच्या पातळीपासून १०० मीटर वर आहे आणि तुम्ही दीड किलोमीटर लांब आहात. १०० भागिले १५००, गुणिले ५७.३ केलं की ३.८ अंश येतात. आपल्याकडे उगवता चंद्र मिनिटाला साधारण ०.२३ अंश वर चढतो. म्हणजे चंद्रोदयानंतर १६ मिनिटांनी तो कळसाला भिडेल.

सपाट रानातलं देऊळ घेतलं तर हा कोन एक अंशाच्या आत राहतो, आणि खान्देशच्या धुळीत एवढ्या खालचा चंद्र पुष्कळदा दिसतच नाही. उन्हाळ्यात तो ३-४ अंश वर आल्यावर मळकट लाल होऊन उमटतो. कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्या पेटवतात तेव्हा धुराचा थर क्षितिजाला चिकटून बसतो. म्हणून उंचावरची वस्तू निवडा. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला यासाठी चांगला. चंद्रोदयासाठी किल्ल्याच्या पश्चिमेला, महामार्गाच्या गाड्यांचे दिवे लेन्समध्ये येणार नाहीत अशा जागी थांबा. साक्री भागातल्या पवनचक्क्याही छान. त्यांच्या पात्याचं टोक सेकंदाला ७० मीटरच्या आसपास फिरतं, पण दोन किलोमीटरवरून १/२५० शटरला ते जवळजवळ स्थिर दिसतं.

५. दिवसा जाऊन जागा पक्की करा

नकाशावर रिकामी दिसणारी जागा प्रत्यक्षात केळीची बाग निघते. केळी दोन-अडीच मीटर वाढली की समोरचं काहीच दिसत नाही. विजेच्या तारा नकाशावर नसतात, त्या नेमक्या चंद्राच्या उंचीवर येतात. म्हणून एक-दोन दिवस आधी त्याच वेळी जा, तीच लेन्स लावून बघा, आणि पायाखाली दगडाची खूण करून ठेवा.

शेतमालकाला आधी भेटा. हा शिष्टाचार तर आहेच, सुरक्षेचाही भाग आहे. विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात, त्यामुळे रात्री शिवारात तीन पायांचं यंत्र घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे गाव संशयानेच बघतं. "नाना, पुनवेच्या संध्याकाळी तासभर तुमच्या बांधावर उभा राहतो, चंद्राचा फोटो काढायचाय" एवढं सांगून फोन नंबर दिला की काम होतं. पोलीस पाटलांच्या कानावर घातलं तर आणखी बरं. रातपाळीच्या विजेवर पाणी द्यायला आलेला शेतकरी, खांद्यावर फावडं, हातात बॅटरी, हा विषय तिथेच मिळून जाऊ शकतो.

परवानग्या अशा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. तापी-पूर्णा संगमावरच्या चांगदेव मंदिरासारख्या ठिकाणी आवाराबाहेर लांब उभं राहणं सोपं, आणि चंद्र मोठा हवा असेल तर तसंही लांबच राहायचं आहे. यावल अभयारण्यात रात्री आपल्या मनाने शिरू नका, वनखात्याला विचारा. धरणाची भिंत आणि वीज केंद्राचं कुंपण यांच्याजवळ कॅमेरा काढला की सुरक्षा रक्षक अडवणारच. दीपनगर वीज केंद्राची धुराडी सार्वजनिक रस्त्यावरून, काही किलोमीटरवरून घ्या.

पाचटात, केळीत आणि बांधावर साप असतात. बूट घाला, पाय आपटत चला. डोंगरपायथ्याला बिबट्याचा वावर असतो, एकटे जाऊ नका.

६. सेटिंग

सगळं मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ फाइल). ऑटो मोड काळं आकाश बघून फोटो उजळतो आणि चंद्र पांढरा करून टाकतो.

चंद्रावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं हे लक्षात ठेवा. डोक्यावरच्या पूर्ण चंद्रासाठी आयएसओ १००, एफ/११, १/१००. किंवा एफ/८ आणि १/२००, एकच गोष्ट. अष्टमीच्या चंद्राला यापेक्षा दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), कोरीला तीन.

क्षितिजाजवळ हे आकडे चालत नाहीत. तिथे हवेचा जाड थर उजेड खातो. ३-४ अंशांवरच्या चंद्राला आयएसओ ४००, एफ/८, १/१०० पासून सुरू करा, पडद्यावर मोठं करून बघा, चंद्रावरचे काळे डाग दिसत असतील तर ठीक. तो जसजसा वर येईल तसतसा उजळेल, दर तीन-चार मिनिटांनी शटर एक पायरी वेगवान करत जा. हे विसरलं की पहिले दहा फोटो चांगले आणि पुढचे सगळे जळके येतात.

जमीन आणि चंद्र दोन्ही एका फोटोत हवे असतील तर सूर्यास्ताआधी १५ आणि नंतर १५ मिनिटं एवढाच अवधी असतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश झपाट्याने सरतो, २२-२४ मिनिटांत झाड आणि आकाश एकमेकांत मिसळायला लागतात. नंतर काढायचं तर काळ्या आकृतीच घ्या.

व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर, ५२०० केल्विनच्या आसपास ठेवा. मग उगवत्या चंद्राचा तांबूस रंग राहतो. ऑटो तो रंग धुऊन टाकतो. ४००० वर नेलात तर संधिप्रकाश गर्द निळा होतो, काही फोटोंना ते शोभतं.

चंद्र फ्रेमबाहेर ठेवून चांदण्यातलं रान काढायचं असेल तर एफ/४, आयएसओ ८००, १५ सेकंद. टिपूर चांदण्यात एवढ्यात कपाशीची पांढरी बोंडं स्पष्ट उमटतात.

७. फोकस आणि हालचाल

ऑटोफोकस अंधारात भिरभिरतो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चालू दृश्य) दहापट मोठा करून हाताने फोकस करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा.

कशावर करायचा? क्रॉप सेन्सरवर, ३०० मिमी आणि एफ/८ ला फोकस ५६० मीटरवर ठेवलात तर २८० मीटरपासून चंद्रापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ६०० मिमीला हीच मर्यादा १.१ किलोमीटरवर जाते. वस्तू त्याहून जवळ असेल तर वस्तूवर फोकस करा. चंद्र जरा मऊ झाला तर चालतो, माणूस पुसट झाला की फोटो वाया.

ट्रायपॉडवर लेन्समधली हालचाल रोखणारी सोय (स्टॅबिलायझेशन) बंद ठेवा. डीएसएलआर असेल तर मिरर लॉक (आतला आरसा आधीच वर धरणारी सोय) किंवा लाइव्ह व्ह्यू वापरा. शटर १/१०० च्या खाली शक्यतो नको: वारा असतो, केळीची पानंही हलतात.

चैत्र-वैशाखात नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून फोटो काढला की चंद्राची कड उकळल्यासारखी लाटालाटांची येते. दिवसभर तापलेली जमीन हवा हलवत असते, याला कॅमेऱ्यात इलाज नाही. पाण्यावरून किंवा उभ्या पिकावरून नेम धरा, आणि एका दमात १०-२० फोटो घेऊन त्यातला स्थिर निवडा.

८. चंद्र चालू लागला की

उगवता चंद्र सरळ वर जात नाही, उजवीकडे झुकत जातो. दहा मिनिटांत तो साधारण २.३ अंश वर आणि ०.९ अंश उजवीकडे जातो. म्हणून त्याला वस्तूमागे धरून ठेवायला तुम्ही डावीकडे सरकायचं. दीड किलोमीटरवर हे मिनिटाला सव्वादोन-अडीच मीटर भरतं. त्याच अंतरावर १३-१४ मीटर आडवं सरकलात की चंद्र स्वतःच्या पूर्ण रुंदीने सरकलेला दिसतो. म्हणजे जागेतली पाच मीटरची चूकही फोटोत कळते. मावळता चंद्रही खाली जाताना उजवीकडेच जातो, तेव्हाही डावीकडेच सरका.

वर गेलेल्या चंद्राला पकडायला मात्र पुढे यावं लागतं. वरच्या देवळाच्या उदाहरणात एका चंद्ररुंदीसाठी दीडशेहून जास्त मीटर, आणि हातात दोन मिनिटं. ट्रायपॉड खांद्यावर टाकून ढेकळांतून पळायचा विचार सोडा. दुसरी जागा दिवसाच हेरा आणि तिथे मित्राला दुसरा कॅमेरा देऊन उभं करा.

माणूस समोर उभा करायचा असेल तर फोन चालू ठेवून बोला. "भाऊ, दोन पावलं डावीकडे, आता बाजू वळ" एवढं त्याला ऐकू जायला हवं. तो कॅमेऱ्याला बाजू करून उभा राहिला आणि हात अंगापासून सुटा ठेवला तरच आकृती माणसाची वाटते. समोरून उभा राहिला तर खांब दिसतो.

९. रचना: चंद्र कमी दाखवा

नेम बसायला लागला की सगळ्यांचे फोटो एकसारखे येतात: मधोमध चंद्र, मधोमध कळस. इथून पुढे आवडीचा भाग सुरू होतो.

चंद्र अर्धा झाकून बघा. सातपुड्याच्या कडेवरून तिसरा हिस्साच वर आलेला चंद्र पूर्ण चंद्रापेक्षा जास्त बोलतो. केळीची फाटकी पानं चंद्रावर आडवी आली तर तो खान्देशातला चंद्र आहे हे सांगावं लागत नाही. चंद्र लहान ठेवायलाही घाबरू नका. ५० मिमीवर तोरणमाळच्या यशवंत तलावाचं मोठं पाणी, वर एका कोपऱ्यात चंद्र, बाकी सगळं निळं, यात रिकामी जागाच काम करते.

मुद्दाम फोकस सोडा. हाताच्या अंतरावरचं कपाशीचं बोंड स्पष्ट आणि मागे चंद्र विरघळलेलं मोठं वर्तुळ, यासाठी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. पातळ ढग असतील तर घरी बसू नका, ढगांच्या कडा उजळतात. चंद्राला खळं (भोवतीचं मोठं उजळ कडं) पडलं तर लेन्स बदला: ते आडवं-उभं ४४ अंश पसरतं, क्रॉप सेन्सरवर १६ मिमी आणि फुल फ्रेमवर २४ मिमी हवी. दिव्याच्या खांबाआड चंद्र लपवला तर खळं आणखी उठून दिसतं.

एकाच फ्रेममध्ये चढत जाणाऱ्या चंद्रांची माळ हवी असेल तर ट्रायपॉड न हलवता दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्या. दोन चंद्रांत साधारण सव्वा-दीड चंद्राची मोकळी जागा राहते. दोन मिनिटांनी घेतलात तर ते एकमेकांना चिकटतात.

१०. फक्त मोबाइल असेल तर

पाच पट झूमच्या मोबाइलमध्येही चंद्र सव्वाशे-दीडशे पिक्सेलचाच येतो. त्यामुळे मोठ्या चंद्राचा हट्ट सोडा आणि संधिप्रकाश, झाड, पाणी यांच्यासह लहान चंद्र घ्या. प्रो मोडमध्ये टेलिफोटो लेन्स निवडा, आयएसओ ५०, शटर १/५०० पासून सुरू करा. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी खाली ओढा. फोन विटेला टेकवा आणि टायमर लावा.

काही फोन चंद्र ओळखून स्वतःच तपशील भरतात. तो खड्ड्यांचा चंद्र तुमचा नसतो. सीन ओळखण्याची सोय सेटिंगमधून बंद करा.

दुर्बिणीच्या भिंगाला फोनची लेन्स अगदी सरळ टेकवली तर अष्टमीची विवरं बऱ्यापैकी मिळतात. दुर्बीण मात्र ट्रायपॉडला पक्की बांधलेली हवी.

११. संगणकावर

रॉ फाइल डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये उघडा, दोन्ही फुकट आहेत. आधी हायलाइट (सर्वांत उजळ भाग) खाली घ्या, मग थोडा कॉन्ट्रास्ट. चंद्राच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की शार्पनिंग जास्त झालं, मागे या. रंग हळूहळू वाढवला की चंद्राचे समुद्र, म्हणजे त्यावरचे काळे डाग, वेगळे होतात: टायटॅनियम जास्त असलेला शांतिसागर निळसर, शेजारचा प्रसादसागर तांबूस. हे रंग खरेच आहेत, फक्त फिके असतात.

दोन फोटो जोडून चंद्र मोठा करणं ही वेगळी कला आहे, तिला विरोध नाही. पण स्पर्धेत पाठवताना किंवा लोकांसमोर ठेवताना "जोडचित्र" असं लिहा. जाणकार ते लगेच ओळखतात: झाडाची फांदी चंद्राच्या मागे गेलेली असते, चंद्राभोवतीचं आकाश उरलेल्या आकाशापेक्षा काळं असतं, किंवा ईशान्येला उगवणारा पौषातला चंद्र दक्षिणेकडच्या डोंगरावर बसवलेला असतो.